साबणावरचा टिपका

अकोल्यात मला खोली मिळाली ती माझ्या अंगठ्यामुळे. अमरावतीहून मास्तरकीची नोकरी धरून नुकताच आलो होतो आणि जागेसाठी दारोदार हिंडत होतो. बाकीच्या घरमालकांनी जात विचारली, लग्न झालंय का विचारलं, एकाने तर घोरता का तेही विचारलं. मोर्णा नदीच्या अंगाला असलेल्या त्या घराच्या मालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. हात पुढे करा म्हणाले. मला वाटलं, ज्योतिष बघतात. त्यांनी माझा उजवा अंगठा दोन बोटांत धरला, आंबा पिकलाय का बघावा तसा दाबला आणि सोडून दिला.

"ह्या अंगठ्यानं आजवर काई दाबलं नाई," ते म्हणाले. "या राह्याले. माह्या हत्याराले हात लावाची बुद्दी तुमाले होनार नाई."

पुढची सहा वर्षं मी त्या घरात काढली. त्यांना मी काका म्हणत असे आणि ते मला मास्तर म्हणत. त्यांच्याइतका छळ माझा कुठल्या हेडमास्तरनेही केला नाही, आणि त्यांच्याइतकी आठवणही मला कुठल्या हेडमास्तरची येत नाही.

काका मोजणी खात्यात होते. दिवसभर लोकांच्या बांधावर साखळी ओढायची, भावाभावांची भांडणं ऐकायची आणि संध्याकाळी घरी येऊन थेट मागच्या पडवीत शिरायचं. ही पत्र्याची पडवी म्हणजे त्यांचा कारखाना. मधोमध जाड फळीवर लोखंड आवळून धरायचा शिकंजा बसवलेला. भिंतीवर खिळ्यांना कानशी, पेचकस, पान्हे, भोकं पाडायचे सामते, पकडी आणि काटकोन तपासायचा गुण्या. प्रत्येक हत्याराच्या मागे भिंतीवर निळ्या रंगाने त्याची आकृती काढलेली होती, म्हणजे हत्यार जागेवर नसलं की नुसती निळी आकृती दिसायची आणि काकांचं जेवणावरचं लक्ष उडायचं.

हत्यार मागायला कोणी आलं तर काका नाही म्हणत नसत. फक्त त्याची डावी चप्पल ठेवून घेत आणि ज्या खिळ्यावरून हत्यार काढलं त्याच खिळ्याला ती टांगत. एका चपलेनं माणूस लांब जात नाही, हा त्यांचा हिशेब. शेजारचे पोष्टातले कारकून एकदा पक्कड घेऊन गेले आणि विसरले. दुसऱ्या दिवशी ते कचेरीत अनवाणी गेले, तिसऱ्या दिवशीही अनवाणीच. चौथ्या दिवशी त्यांनी कडक नवस धरलाय अशी गल्लीत बातमी पसरली आणि दोन बायका त्यांच्या पाया पडून गेल्या. नवस कुठल्या देवाचा, असं खुद्द त्यांच्या सासऱ्यांनी विचारलं तेव्हा कुठे बिचाऱ्यांना पक्कड आठवली.

काकांनी दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा बिघडल्याचं मी कधी ऐकलं नाही, पण ती वेळेवर परत मिळाल्याचंही ऐकलं नाही. समोरच्या बाईंनी तान्ह्या नातीला झबली शिवायची म्हणून शिवणयंत्र दुरुस्तीला दिलं. सात महिन्यांनी यंत्र परत गेलं ते असं गुळगुळीत चालणारं की चालू आहे की बंद, हे कळायला बाईंना चाकाकडे बघावं लागे. नात तोवर रांगत काकांच्या ओट्यापर्यंत यायला लागली होती. बाई तरीही कौतुकाने म्हणाल्या, चांगलं झालं हो यंत्र. काकांचा चेहरा पडला.

"'चांगलं' हे काई माप नाई," ते नंतर मला म्हणाले. "कुठं वाकडं हाये ते सांगा. चांगलं तं कोनीबी म्हनते."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल त्याची गणती नाही, कारण पहिल्या पावसाळ्यातच त्यांनी मला शिकंज्यापुढे उभं केलं. माझ्या अंगठ्याची त्यांना दया आली असावी. हाताच्या तळव्याएवढा लोखंडाचा तुकडा दिला आणि कानशीने घासून चारी बाजू काटकोनात करा म्हणाले. कानस पुढे जाताना दाबायची आणि मागे येताना उचलायची, एवढीच विद्या. मला वाटलं, दोन रविवारांचं काम. मी घासायचो, काका त्यावर गुण्या टेकवायचे, तुकडा खिडकीच्या उजेडासमोर धरायचे आणि फटीतून येणाऱ्या उजेडाची रेघ मला दाखवायचे. डाव्या बाजूला उतरलं. नेहमी डाव्याच बाजूला. सहा वर्षांत तो तुकडा तळव्याएवढ्याचा सुपारीएवढा झाला, पण काकांनी तो पास केला नाही.

आता काकांच्या रायफलीबद्दल. तिला बंदूक म्हटलेलं काकांना चालत नसे. बंदुकीची नळी आतून सपाट असते आणि रायफलीच्या नळीत स्क्रूसारखे आटे असतात, हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यात सांगितलं आणि नंतर घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला माझ्यासमोर सांगितलं. पाहुण्याने चहा घेण्याआधी नळीला डोळा लावून आटे बघायचे, अशी रीत होती. त्यांचे एक साडू दर वेळी दिसले दिसले म्हणून सुटका करून घेत. एकदा काकांनी नळीच्या दुसऱ्या टोकाला बूच घालून ठेवलं होतं, तरीही साडूंनी दिसले म्हणून सांगितलं. त्यानंतर त्या घरात साडूंना चहा कमी दुधाचा मिळू लागला.

रविवारी सकाळी आंघोळ करून, धुतलेलं धोतर पडवीत अंथरून, काका तिचा एकेक भाग सुटा करत. राकेल, चिंधी, मग शिवणयंत्राचं तेल, मग कोरडी चिंधी. नळीतून गजाला गुंडाळलेली पांढरी चिंधी फिरवून बाहेर काढत, ती पांढरीच निघे, आणि काका समाधानाने दुसरी चिंधी घेत. तिच्यातून एकही गोळी कधी सुटलेली मी पाहिली नव्हती. घरात काडतूसच नव्हतं. मी एकदा विचारलं की कधी चालवता का, तर ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी धुतलेल्या धोतराने चूल पुसायला सांगितली होती.

"चालवली तं खराब नाई का होनार नळी?" ते म्हणाले.

ही रायफल आली काकूंच्या माहेराहून. काकू बाळापूरकडच्या. त्यांच्या वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांच्यामागे शेत लेकीकडे आलं आणि शेतासोबत रायफलही आली. परवाना शेताच्या राखणीचा. रानडुकरांनी ज्वारी लोळवली की वाटेकऱ्याचा निरोप येई, आणि काका रायफल खोळीत घालून एसटीने बाळापूरला जात. मी एकदा बरोबर गेलो होतो. दिवस कलताना डुकरं आली. काकांनी खोळ काढली, रायफल डुकरांना नीट दिसेल अशी उभी धरली आणि दुसऱ्या हाताने पान्हा घेऊन पत्र्याचा डबा बडवायला सुरुवात केली. डुकरं गेली. काकांनी रायफल पुसली, खोळीत घातली आणि आम्ही शेवटच्या गाडीने परतलो.

वाटेकरी मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, डबा तं माह्या घरी बी हाये. मालक बंदूक काहून आनते?"

तेव्हा ते मलाही ठाऊक नव्हतं.

काकूंचा रायफलीवर राग होता, हे मात्र पहिल्या दिवसापासून दिसत होतं. रविवारी पडवीत धोतर अंथरलं की काकू उजव्या कानात कापसाचा बोळा घालून पोळ्या लाटायला बसत. डाव्या कानाने त्यांना ऐकू येतच नव्हतं. काका त्यांच्याशी बोलायचे ते नेहमी उजवीकडून, लग्नाच्या पंगतीतही उजवीकडे पाट मिळेपर्यंत उभे राहायचे.

आणि दसऱ्याला एक गोष्ट घडायची ती मला चमत्कारिक वाटे. सगळी हत्यारं मांडून, झेंडू वाहून पूजा व्हायची. मधोमध रायफल, आणि तिच्यापुढे ताटलीत कपडे धुण्याच्या पिवळ्या साबणाची एक चकती. आरती झाली की नवराबायको आमच्याकडे पाठ करून रायफलीपाशी बसत, खट्ट असा आवाज येई, काकू ती चकती उजेडात धरून निरखून बघत आणि मान हलवत. मगच प्रसाद मिळायचा. मला वाटलं, कुळाचार असेल. मी शाळेत सांगितलंही की वऱ्हाडात काही घरी दसऱ्याला साबणाची पूजा करतात. आमच्या इतिहासाच्या मास्तरांनी ते वहीत टिपून घेतलं, आणि ती वही अजून कुठे असेल तर त्यांची मी इथे माफी मागतो.

त्या घरातलं माझं तिसरं वर्ष असेल. परवाना नवा करायच्या वेळी काका दरवर्षी रायफल घेऊन कचेरीत जात, तिथला साहेब नळीत बघून थक्क होई आणि सही करून देई. त्या वर्षी साहेब नवीन होता. त्याने नळी पाहिलीच नाही, वही पाहिली. परवाना राखणीचा आणि इतक्या वर्षांत एक काडतूस घेतल्याची नोंद नाही. मग राखण कशाने करता? काकांनी डब्याचं खरं सांगून टाकलं. साहेब भला माणूस होता, हसला नाही. रायफल चालते का, ते चांदमारीच्या मैदानावर एक बार काढून दाखवा म्हणाला.

मीही गेलो होतो. मैदानावरच्या हवालदाराने काडतूस भरून रायफल खांद्याला लावली, घोडा दाबला. खट्ट. दुसऱ्यांदा खट्ट. तिसऱ्यांदाही नुसतंच खट्ट. हवालदाराने ती उघडून बघितली आणि म्हणाला की आतली सुई आखूड झाली आहे, काडतुसापर्यंत पोचतच नाही. रायफलीत घोडा सुटला की ही सुई पुढे धावते आणि काडतुसाच्या बुडाला टोचते, तेव्हा बार होतो. सुई पोचली नाही तर सगळी रायफल म्हणजे एक जड काठी. मी काकांकडे पाहिलं. मला वाटलं, इतकी वर्षं घासून घासून यांनीच ती झिजवली, आणि आता हे इथेच खाली बसणार. ते शांत उभे होते.

साहेबाने सोपा मार्ग काढला. ही रायफल निकामी आहे, दुरुस्त करूनही चालणार नाही, एवढं लिहून द्या. मग परवान्याची भानगडच नाही, शोभेची वस्तू म्हणून भिंतीला लावा. कागद पुढे केला, टाक दिला. कोणीही सही केली असती. मी तर त्यांना कोपराने ढोसलं.

काकांनी टाक खाली ठेवला. "साहेब, दुरुस्त होत नाई असं मी लिहून देनार नाई," ते म्हणाले. "एका दिवसाचं काम हाये."

मग करा आणि येत्या गुरुवारी बार काढून दाखवा, नाहीतर रायफल जमा करा, असं सांगून साहेब निघून गेला.

घरी आल्यावर पडवीत बसून काकांनी मला सगळं सांगितलं. काकू नऊ वर्षांच्या असताना त्यांचे वडील ओसरीवर हीच रायफल पुसत होते. आत काडतूस राहिलेलं. बार झाला, गोळी पाण्याचा रांजण फोडून गेली आणि शेजारी खेळत असलेल्या मुलीचा डावा कान त्या आवाजाने कायमचा गेला. वडील पुढे आयुष्यभर रांजणाबद्दल हळहळत. तीच रायफल जेव्हा शेतासोबत इथे दारात आली, तेव्हा काकू उंबऱ्यात उभ्या राहिल्या. ती आत येणार असेल तर मी बाहेर जाते, म्हणाल्या. काकांनी तोवर ती हातात घेऊन पाहिली होती. असं हातकाम त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. एका भागात दुसरा असा बसलेला की मध्ये केस शिरणार नाही. त्यांनी एक दिवस मागून घेतला, सुई काढली आणि आपल्या हाताने घासून आखूड केली. काकूंचा शब्दांवर विश्वास नव्हता, म्हणून काडतुसाच्या जागी साबणाची चकती लावून घोडा पाडून दाखवला. साबणावर टिपका उठला नाही, म्हणजे सुई पोचत नाही. मग रायफल घरात आली. तेव्हापासून दर दसऱ्याला काकू स्वतः तपासून घेत होत्या.

मला आधी इतिहासाच्या मास्तरांची वही आठवली, आणि मग त्या माणसाबद्दल एकदम फार माया वाटली. दर रविवारी नळीत पांढरी चिंधी घालून पांढरीच बाहेर काढणारा हा माणूस मला इतके दिवस नुसता विक्षिप्त वाटत होता.

आता गुरुवारपर्यंत नवीन सुई केली तर काकूंना दिलेला शब्द मोडत होता आणि नाही केली तर रायफल जात होती. काका दोन दिवस जेवले नाहीत. म्हणजे पानावर बसत, पोळीचा चौकोन करत आणि उठत. मंगळवारी काकूंनीच त्यांना गाठलं. मी ओट्यावर वह्या तपासत होतो, सगळं ऐकू येत होतं. कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या घरात गुपित राहत नाही.

"साहेब म्हनते तसं लिहून काहून देत नाई?" काकूंनी विचारलं.

"खोटं हाये ते. दुरुस्त होते."

"मंग करा."

"तुले बोल्लो व्हतो ना मी."

मग काकू म्हणाल्या, "एक डाव वाजवा. पन सुई घरात बसवाची नाई, तिथं मैदानात बसवा. अन् तिथंच घासून मंग घरात आना. मी येतो संगं."

वऱ्हाडात बाई 'मी येतो' म्हणाली की ती येतेच.

गुरुवारी टांगा बोलावला. टांग्यात शिकंजा, जेवायच्या पाटावर पक्का आवळलेला. कानशींची पिशवी, तेलाची बाटली, खोळीतली रायफल, कापसाची पुडी, साबणाची अख्खी वडी. चप्पल घालून टांग्यात बसलं की सामानाला माती लागेल म्हणून काकांनी चपला काढून सीटखाली ठेवल्या. काकू नेसल्या होत्या ठेवणीतलं लुगडं. टांगेवाल्याने लग्न कोणाकडे आहे म्हणून विचारलं. काकांनी चांदमारीला घे म्हटल्यावर तो वाटभर बोलला नाही.

मैदानावर हवालदाराच्या टेबलावर शिकंजा मांडला. काकांनी खिशातून डबी काढली, तिच्यातली नवी सुई काढून रायफलीत बसवली. साहेब खुर्ची टाकून बघत होता. काकूंनी कानात बोळा घातला, वर दोन्ही हात दाबले, डोळे मिटले आणि लांब निंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या. काकांनी जन्मात गोळी झाडली नव्हती. हवालदाराने त्यांच्या खांद्याला रायफल लावून दिली. त्यांनीही डोळे मिटले.

बार झाला. गोळी मातीच्या ढिगात गेली असावी, निदान निशाणावर ती नव्हती. टांग्याचा घोडा बिथरून टांग्यासकट गावाकडे पळाला आणि मागून टांगेवाला पळाला. काकांनी डोळे उघडले, रायफल उघडून नळी उजेडाकडे धरली आणि आतलं काळं पाहून त्यांच्या तोंडून नुसता अरेरे निघाला. साहेबाने परवान्यावर सही केली.

काकू निंबाखालून आल्या. "वाजली?" त्यांनी विचारलं.

"वाजली," काका म्हणाले.

"मंग घासा."

काकांनी सुई काढली, शिकंज्यात आवळली आणि कानस चालवायला लागले. साहेब खुर्चीवरून उठून उभा राहिला. एवढा खटाटोप करून चालू केलेली रायफल हा माणूस डोळ्यादेखत बंद का करतोय, हे त्याला कळेना, आणि काकांनाही ते सांगावंसं वाटेना. पुढच्या वर्षी काय कराल, एवढंच त्याने विचारलं. पुढच्या वर्षी नवी करू, काकांनी सांगितलं. काकू साबणाची चकती कापून उभ्या होत्या. पहिल्या वेळी टिपका उठला. अजून घासा, त्या म्हणाल्या. दुसऱ्या वेळी अगदी पुसट उठला. अजून. तिसऱ्या वेळी साबण कोरा राहिला, मग त्यांनी कानातला बोळा काढला आणि आम्ही घरी आलो. काका अनवाणी होते, कारण चपला टांग्यात होत्या. दुसऱ्या दिवशी टांगेवाला त्या घेऊन आला. माझ्या दोन्ही चपला ठेवून घेणारा तूच पहिला, असं म्हणून काकांनी त्याच्या टांग्याखालची स्प्रिंगची कमान फुकट दुरुस्त करायला घेतली. टांगा दीड महिना दारात होता.

नंतर हे दरवर्षीचंच झालं. साहेब बदलला, त्याच्यानंतरचाही बदलला, पण कचेरीत आता तशी वहिवाटच पडली. नव्या साहेबाला आधीचा सांगून जाई की मोजणीवाले येतील, टेबल रिकामं ठेवा, आणि बाई सोबत असतील. घासलेल्या आखूड सुया काका एका तपकिरीच्या डबीत ठेवत.

माझी बदली अमरावतीला झाली. निघताना काकांनी माझा अंगठा पुन्हा दाबून पाहिला आणि थोडा फरक आहे म्हणाले. दोन वर्षांनी, दसरा होऊन काही दिवस झाले असतील, काका गेल्याचं पत्र आलं. मी दहाव्याला गेलो. पडवीत सगळी हत्यारं आपापल्या निळ्या आकृतीवर होती, फक्त एका खिळ्यावर कोणाची तरी डावी चप्पल होती. शिकंज्यात पुढच्या वर्षाची नवी, पुऱ्या लांबीची सुई अर्धी घडवलेली तशीच आवळलेली होती.

परवाना काकांच्या नावचा, म्हणून आता रायफल सरकारात जमा करायची होती. मी म्हटलं, मी नेऊन देतो, तुम्ही येऊ नका. काकू म्हणाल्या, आधी ती सुई पुरी करा. मला कळेना. सुई आखूड असावी म्हणून जन्मभर साबण कापणारी ही बाई आता चालणारी सुई मागत होती.

"आखूड सुईची देली तं ते कागदावर निकामी लिहितीन," काकू म्हणाल्या. "ह्यांच्या नावापुढं निकामी लिहू देनार नाई मी."

मी दोन रविवार अमरावतीहून आलो. काकांनी सुईवर ओरखड्याची खूण करून ठेवली होती, तिच्यापर्यंत घासत गेलो. मागे गुण्या घेऊन उभं राहणारं कोणी नव्हतं. रडू आलं की थांबायचो, कारण हात हलला की लोखंडात दिसतं, हे त्यांनीच सांगितलं होतं. मग ठरल्या दिवशी टांगा, खोळ आणि साबण घेऊन आम्ही दोघं गेलो. सुई माझ्या खिशात, वेगळ्या डबीत. घरात बसवायची नाही, हा शब्द अजून होता.

हवालदार तोच होता, केस पिकलेला. त्याने न सांगता टेबल मोकळं केलं. मी सुई बसवली. काकूंनी चकती कापून दिली आणि या वेळी कानात बोळा घातला नाही. मी घोडा पाडला. खट्ट. हवालदाराने साबणावर उठलेला टिपका बघितला आणि पावतीवर 'चालू स्थितीत' असं लिहून सही मारली. झालं, मी म्हटलं, चांगलं झालं काकू.

काकूंनी ती चकती उचलली. उन्हाकडे धरली, डोळ्याजवळ नेली, जरा फिरवून पाहिली.

"टिपका मंधात नाई, मास्तर," त्या म्हणाल्या. "डाव्या बाजूले उतरला. ह्यांनी पास केलं नसतं."